सुट्टीतही आवाज चालू राहू दे!

बालमित्रांनो,

परीक्षा संपली, "पेपर कसे गेले?" असं विचारणारे पाहुणेही विचारून थकले, आणि सुट्टी लागली! आपल्या जालन्याकडे या दिवसांत ऊन असं तापतं, की बारा वाजले की रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. माठातलं गार पाणी, हाताशी एखादं गोष्टीचं पुस्तक आणि खिडकीत घुरघुरणारा कूलर, एवढं मिळालं की दुपार कशी सरते ते कळतही नाही.

पण काही मुलांना या सुट्टीत एक काळजी लागलेली असते. ही मुलं म्हणजे शाळेचा पॉडकास्ट चालवणारी. वर्षभर दर आठवड्याला त्यांनी भाग तयार केले. कुणी बातम्या वाचल्या, कुणी कोडी घातली, कुणी मुख्याध्यापकांची मुलाखत घेतली. शाळा होती तोवर ऐकणारेही होते. आता मात्र सगळी पांगापांग! निम्मा वर्ग मामाच्या गावाला, सर त्यांच्या गावी, आणि फोन बाबांच्या खिशात. मग प्रश्न येतो, "ताई, दीड महिना पॉडकास्ट बंदच ठेवू का? जूनमध्ये पुन्हा सुरू करू."

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. बंद ठेवू नका. उलट, आपल्या जिल्ह्यात पॉडकास्ट वाढवायचा असेल तर सुट्टीइतका चांगला काळ दुसरा नाही. कसा म्हणता? सांगते.

साठवलेला रेडिओ

ज्यांच्या शाळेत पॉडकास्ट नाही त्यांच्यासाठी, आणि शेजारी बसून हे वाचणाऱ्या आजी-आजोबांसाठी, आधी थोडं समजावून सांगते. रेडिओवरचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो. वेळ चुकली की कार्यक्रम हुकला. पॉडकास्टचं तसं नसतं. तो साठवून ठेवलेला असतो. हवा तेव्हा लावा, हवा तितक्यांदा ऐका. बेन हॅमर्स्ली नावाच्या ब्रिटिश पत्रकारानं २००४ साली 'गार्डियन' या वृत्तपत्रातल्या लेखात हा शब्द वापरला. गाणी ऐकायच्या 'आयपॉड'मधला 'पॉड' आणि 'ब्रॉडकास्ट'मधला 'कास्ट' मिळून झाला पॉडकास्ट. गंमत अशी, की कंपनीनं २०२२ साली आयपॉड बनवणंच बंद केलं. पण त्याच्यावरून पडलेलं नाव मात्र टिकलं!

'साठवलेला' हा शब्द तेवढा ध्यानात ठेवा. आता लगेच त्याचं काम पडणार आहे.

गावात परत कोण येतं?

दसरा-दिवाळी झाली की आपल्या घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, एखादी शेळी, आणि त्यावर बसलेली मुलं. काही मुलं आजी-आजोबांजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात आणि शाळा शिकतात. पण सगळ्यांनाच ते जमत नाही. मार्च-एप्रिलच्या सुमाराला कारखान्यांचं गाळप थांबतं आणि ट्रॉल्या गावाकडे वळतात.

आता नीट पाहा. शाळा भरते तेव्हा ही मुलं गावात नसतात. ती गावात येतात तेव्हा शाळेला कुलूप लागायची वेळ झालेली असते! हजेरीपटावर नाव असतं, बाकावरची जागा मात्र चार-पाच महिने रिकामी.

तुमच्या वर्गातही अशी एखादी रिकामी जागा असेल. तिच्यावर बसणारी मैत्रीण किंवा मित्र आता घरी आला आहे. तुम्ही डिसेंबरमध्ये अपूर्णांकांची जी युक्ती पॉडकास्टवर सांगितली होती, ती त्यानं वर्गात ऐकलेली नाही. पण ती साठवलेली आहे! फळा पुसला की फळ्यावरचं गेलं. पॉडकास्टवरचं गेलेलं नाही. म्हणजे वर्षभर तुम्ही जे बोललात त्याचा खरा गरजू श्रोता नेमका सुट्टीत तुमच्या गल्लीत आलेला आहे. आणि आपण नेमकी त्याच वेळी टाळी वाजवून म्हणायचं, "चला, दुकान बंद"?

म्हणून सुट्टीतलं पहिलं काम हे. वर्षभरातले सगळे भाग पुन्हा ऐका. अभ्यासाला उपयोगी पडतील असे आठ-दहा भाग निवडा. एका कागदावर त्यांची नावं लिहा आणि परत आलेल्या दोस्ताच्या घरी जाऊन ते ऐकवा. त्याच्या घरच्या फोनमध्ये जागा असेल तर टाकूनही द्या. एका दमात सगळे नकोत. रोज एक पुरे.

वाळवण घाला

सुट्टीत घराघरांत काय चाललेलं असतं? गच्चीवर, अंगणात वाळवण! कुरडया, पापड, सांडगे. आई, काकू, आजी चार दिवस खपतात आणि वर्षाची बेगमी करून ठेवतात. पॉडकास्टलाही हीच रीत लावा.

मामाच्या गावाला जायच्या आधी दोन-तीन भाग ध्वनिमुद्रित करून ठेवा. ते असे असावेत, की आठ दिवस उशिरा लागले तरी शिळे होणार नाहीत. गोष्ट, कोडी, प्रयोग, एखाद्या पुस्तकाची ओळख. बातम्यांचं वाळवण होत नाही बरं का! त्या ताज्याच हव्यात.

सुट्टी साधारण सहा आठवड्यांची. म्हणजे सहा भाग. दर भाग दहा मिनिटांचा पुरे. शाळेत वीस मिनिटं बोलत होता म्हणून सुट्टीतही वीसच हवीत असं काही नाही. पण दिवस मात्र बदलू नका. आठवडी बाजाराचं पाहा ना. ऊन असो, पाऊस असो, बाजार ठरल्या वारीच भरतो. म्हणून तर आसपासच्या दहा खेड्यांतले लोक न विचारता येतात. बाजार कधी सोमवारी, कधी गुरुवारी भरला असता तर कोण आलं असतं? ऐकणारा सवयीनं येतो. ती सवय सुट्टीत मोडली, की जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

कामही वाटून घ्या. एकानं सहाही भाग करायचे म्हटलं तर तिसऱ्या आठवड्यात तो कंटाळतो आणि रुसून बसतो. दोघा-दोघांची जोडी करा, एका जोडीकडे एक भाग द्या. मामाच्या गावाला गेलेली जोडीही तिकडून भाग करू शकते. ऐकणाऱ्यांना तेवढंच नवं गाव!

लाईट गेली? फार छान!

उन्हाळ्यात ध्वनिमुद्रणाचा सगळ्यात मोठा शत्रू कोणता? कूलर. आपल्या कानाला त्याची सवय झालेली असते, पण फोन प्रामाणिक असतो. तुमच्या आवाजाबरोबर तो कूलरची घरघरही तितक्याच इमानदारीनं टिपतो. बरं, कूलर बंद करा म्हटलं तर घरातले ऐकत नाहीत, आणि त्यांचंही खरंच असतं.

यावर दोन उपाय. एक, सकाळी सहा वाजता ध्वनिमुद्रण करा. हवा गार असते, रस्ता शांत असतो. मागे एखादी कोकिळा ओरडली तर ओरडू द्या, तिचे पैसे लागत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे लाईट जायची वाट पाहा! लाईट गेली की कूलर, पंखा, टीव्ही, शेजारची गिरणी, सगळं एकदम गप्प. घरातले हुश्श-हुश्श करत असताना तुम्ही मात्र "सुरू करा!" म्हणून पळायचं. फोन तेवढा आधी चार्ज केलेला हवा.

बाकीच्या युक्त्या सोप्या आहेत. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना फुंकर बसत नाही. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गाद्या-गोधड्या रचलेल्या खोलीत बसा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन गोष्टीत मावशीचा फोन येतो. बोलायच्या आधी दहा सेकंद गप्प राहून ध्वनिमुद्रण करा आणि ते ऐका. त्या दहा सेकंदांत जे ऐकू येईल तेच भागभर मागे वाजत राहणार आहे.

भाग साठवताना ६४ किलोबिटचा, मोनो असा पर्याय निवडा. बोलण्याच्या आवाजाला तेवढं पुरतं. दहा मिनिटांचा भाग मग पाच एमबीच्या आत बसतो. रेंज कमी असलेल्या खेड्यातही तो उतरतो, आणि कुणाचा डेटा संपवल्याचं पाप आपल्या माथी येत नाही.

बोलायचं कशावर?

"सुट्टीत बोलायला विषयच नसतात" असं म्हणणाऱ्यांनी जरा घराबाहेर डोकावून पाहावं.

१ मे हा महाराष्ट्र दिन. पण तो आपल्या जालना जिल्ह्याचाही वाढदिवस आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? १ मे १९८१ रोजी हा जिल्हा वेगळा झाला. त्या दिवशी जे मोठे होते त्यांना विचारा, आधी कलेक्टर कचेरीचं काम असलं की कुठे जावं लागायचं? झाला एक भाग तयार.

दुसरा भाग पाण्याचा. जालना शहरासाठी निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव आहे. त्यातला गाळ काढायला शहरातले लोक पुढे आले होते. कडवंचीसारख्या गावानं पाणलोटाची कामं करून आणि शेततळी खोदून द्राक्षबागा फुलवल्या. आणि घरातल्या आजीला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा. सुकडी म्हणजे काय, लाल ज्वारीची भाकरी कशी लागायची, खडी फोडायच्या कामावर कोण कोण जायचं. आजी सांगायला लागली की दहा मिनिटं कमी पडतील.

तिसरा भाग भोकरदनचा. याचं जुनं नाव भोगवर्धन. १९७० च्या दशकात इथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती कुठे मिळाली होती ठाऊक आहे? थेट इटलीत, पाँपेई शहरात! इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर. कुठे भोकरदन आणि कुठे पाँपेई! दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडचा माल किती लांब जात असेल, याचा विचार करत झोप लागणार नाही.

चौथा भाग मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण मे महिन्यात बाग कशी जगवतात, ते बागवाल्या काकांकडूनच ऐका.

पाचवा भाग खास आई-बाबांनाही ऐकावासा वाटेल असा. मृगाच्या आधी घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असेल तर ते तपासतात. पोत्याच्या ओल्या तुकड्यावर १०० दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पोतं ओलसर राहील असं पाहायचं. साधारण आठवड्यानं उघडून चांगले कोंब किती आले ते मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त आले तर बियाणं पेरायला ठीक. हा प्रयोग तुम्ही करा, रोज काय दिसलं ते फोनमध्ये बोलून ठेवा, आणि शेवटी आकडा जाहीर करा. कोणता शेतकरी हा भाग ऐकणार नाही, सांगा बरं! मुलांचा पॉडकास्ट मोठ्यांच्या उपयोगी पडला, की तो गावाचा होतो.

आणि सहावा भाग? तो त्या परत आलेल्या दोस्ताचा.

त्याला बोलू द्या

उसाची मोळी कशी बांधतात, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत कशी चढवतात, कोपीत थंडी कशी वाजते, रात्री कारखान्याचे दिवे कसे दिसतात. यातलं तुम्हाला-मला काय ठाऊक? त्याला सगळं ठाऊक आहे. शाळेत तो मागे पडलेला असेल. इथे तो आपला शिक्षक आहे.

पण इथे एक गोष्ट फार जपायची. त्याला आधी विचारा, "तुला सांगायला आवडेल का?" नको म्हणाला तर नको. दुःखाचंच सांग, रडवेलं सांग, असा आग्रह तर मुळीच नको. त्याला तिकडची एखादी गंमत सांगायची असेल, बैलाचं नाव सांगायचं असेल, नाहीतर नुसतंच एखादं कोडं घालायचं असेल, तर तेच ठेवा. ध्वनिमुद्रण झालं की सगळ्यात आधी त्याला ऐकवा. तो म्हणेल ते वाक्य काढून टाका. आणि नुसती मुलाखत घेऊन निघून येऊ नका. पुढच्या भागाच्या जोडीत त्याचं नाव लिहा. पाहुणा म्हणून आलेला आवाज एकदाच येतो. आपला झालेला आवाज राहतो.

साध्या माणसांचे आवाज जपले तर केवढं मोठं काम उभं राहतं, याचं एक उदाहरण सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉईटवँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. किती? एक लाखाहून अधिक! आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजातल्या ओव्याही त्यात आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी' या संग्रहानं २०१७ पासून या ओव्या आवाजासकट लोकांपुढे आणल्या. दळताना गायलेली ओवी आज जगात कुठेही ऐकता येते. तुमच्या आजीलाही चार ओव्या येत असतील. विचारलंय कधी?

एक फोन, दहा कान

"पण सगळ्यांकडे फोन कुठे आहे?" बरोबर. म्हणून आवाजच लोकांपर्यंत न्यायचा. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम सुरू झाला. रेडिओ असला की पुरे. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हार भागात तर 'बोलकी शाळा' भरली. कार्यकर्ते ध्वनिमुद्रित धडे आणि स्पीकर घेऊन पाड्यांवर गेले आणि मुलं अंतर राखून बसून ऐकू लागली. ना प्रत्येकाला फोन लागला, ना इंटरनेट.

तुम्हीही संध्याकाळी ऊन उतरलं की पारावर किंवा समाजमंदिरात एक छोटा स्पीकर ठेवा. मोठ्यांची परवानगी घ्या, आवाज बेताचा ठेवा. दहा मिनिटं ऐका आणि दहा मिनिटं त्यावर गप्पा मारा. दर भागाच्या शेवटी एक प्रश्न विचारा. त्याची उत्तरं पुढच्या भागात, उत्तर देणाऱ्याच्याच आवाजात!

आता मोजणीचं. फोनवर दिसणारा आकडा खरा असतो, पण अपुरा असतो. पारावर पंधरा जणांनी ऐकलं तरी तो म्हणतो, एक! आणि तुम्हीच आपला भाग अनेकदा लावून पाहिलात तर आकडा फुगतो, पण ऐकणारे तेवढेच राहतात. म्हणून एक वही करा. तिच्यात तीन रकाने: किती जणांनी ऐकलं, किती जणांनी उत्तर दिलं, किती नवे आवाज आले. तिसरा रकाना वाढला तर समजा पॉडकास्ट वाढला. पहिला एखाद्या आठवड्यात कमी झाला तर हिरमुसू नका. लग्नसराई असते, जत्रा असतात, लोक गावाला जातात.

पालकांसाठी दोन शब्द

आई-बाबांनो, मुलाच्या हाती फोन द्यायची भीती वाटते, ते रास्तच आहे. म्हणून खातं तुमच्या किंवा शिक्षकांच्या नावानं ठेवा. ध्वनिमुद्रणासाठी रोज अर्ध्या तासाची वेळ ठरवा आणि वेळ झाली की फोन परत घ्या. भागात मुलांचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, फोन नंबर सांगू देऊ नका. पहिलं नाव पुरतं. दुसऱ्याचं मूल बोलणार असेल तर त्याच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय भाग पाठवू नका. आणि एक विनंती. मुलांनी भाग ऐकवायला आणला की "नंतर बघू" म्हणू नका. दहाच मिनिटं असतात. तुमचे दोन कान हे त्यांचे पहिले श्रोते.

या आठवड्याचा उद्योग

मुलांनो, वर्गातल्या मुलांची यादी काढा. यंदा जे मधेच गावाला गेले होते, त्यांच्या नावापुढे खूण करा. त्यातल्या एकाच्या घरी उद्या संध्याकाळी जा. जाताना एक भाग घेऊन जा, आणि येताना एक घेऊन या.

जूनमध्ये शाळेची घंटा होईल तेव्हा तो दोस्त वर्गात शिरताना दारातच थबकणार नाही. कारण त्याचा आवाज वर्गात आधीच पोचलेला असेल.

तुमची,
ताई